पेट्रा बघायचंय? आधी हिशेब मांडा

जॉर्डनमधलं पेट्रा एकदा तरी बघायचं म्हणून वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकणारेही तिथल्या तिकिटाचा आकडा ऐकून दचकतात. एका दिवसाचे ५० दिनार! दिनार डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाला १.४१ने गुणलं की रुपयांतली किंमत कळते. इथे सोयीसाठी दिनार १२५ रुपयांचा धरला आहे. म्हणजे तिकीट झालं सव्वासहा हजारांचं. पण बहुतेकांना ते दारात काढायची गरजच नसते.

पास की सुटं तिकीट?

‘जॉर्डन पास’ ऑनलाइन मिळतो. पेट्रासाठी १ दिवस हवा असेल तर तो ७० दिनारांना पडतो, २ दिवसांचा ७५ आणि ३ दिवसांचा ८०. जेराश, वादी रम, अम्मानचा किल्ला ही ठिकाणंही त्यातच येतात. पास जॉर्डनला पोचण्याआधी घेतला आणि देशात किमान ३ रात्री राहिलात, तर ४० दिनारांची व्हिसा फी माफ होते. सगळं सुटं घेतलं तर माणशी खर्च असा:

- व्हिसा : ४०
- पेट्रा, २ दिवस : ५५
- जेराश : १०
- वादी रम : ५
- अम्मानचा किल्ला : ३
- एकूण : ११३ दिनार

पासाचे ७५ वजा केले तर ३८ दिनार, म्हणजे पावणेपाच हजार रुपये वाचतात. पास खरेदीपासून वर्षभर चालतो. मात्र पहिल्यांदा स्कॅन झाला की दोन आठवड्यांत संपतो. दर बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी पासाच्या संकेतस्थळावर नजर टाका.

पास कोणी घेऊ नये?

टूर कंपनीच्या पॅकेजमध्ये व्हिसा आणि प्रवेश धरलेला असेल, तर पास म्हणजे दुहेरी खर्च. बुकिंग करतानाच लेखी विचारून घ्या. १२ वर्षांखालच्या मुलांना पेट्रात तिकीट नाही. होली लँडच्या सहलीत सीमा ओलांडून पेट्रा बघायचं आणि त्याच दिवशी परतायचं असं असेल, तर दर ९० दिनार आहे. मुक्काम न करणाऱ्यांसाठी तो मुद्दाम चढा ठेवलाय.

दुसरा दिवस घ्याच

दुसऱ्या दिवसासाठी जादा मोजायचे फक्त ५ दिनार, सव्वासहाशे रुपये. पेट्रा म्हणजे एक इमारत नव्हे, नबाती लोकांनी डोंगरात कोरलेलं अख्खं शहर आहे. ‘सीक’ ही अरुंद घळच १.२ किलोमीटर लांब. ती संपते तिथे ‘खजिना’, सुमारे ४० मीटर उंच. फोटोत दिसतो तो हा. बरेचजण इथूनच मागे फिरतात. ‘अद-दैर’ हा मठ मात्र पार पलीकडे, आठशेच्या वर पायऱ्या चढून. खजिन्यावर ऊन सकाळी येतं, मठावर दुपारनंतर. सकाळी ६ला दार उघडतं तेव्हाच पहिल्या दिवशी खजिना आणि राजथडगी बघा, मठ दुसऱ्या दिवशी ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांना तर ही वाटणी हवीच.

आत सुटणारे पैसे

दारातून सीकच्या तोंडापर्यंत घोडेवाला म्हणेल, ‘तिकिटातच आहे, बसा.’ खरंच असतं. पण उतरताना बक्षिसीसाठी हात पुढे येतो. तीन-चार दिनारांची तयारी असेल तरच बसा. पुढे गाढववाले आणि उंटवाले ‘एअर-कंडिशन्ड टॅक्सी!’ म्हणून हाका मारतात. त्यांचा भाव जाऊन-येऊन की एकेरी, हे बसण्याआधी पक्कं करा. खजिना वरून दाखवतो म्हणून कुणी बाजूच्या कड्यावर नेऊ लागला तर नको म्हणा. अल-खुब्था ही आखलेली पायवाट फुकट आहे. तिच्या टोकाशी चहाचा तंबू लागतो, तिथून खजिना खाली दिसतो. चहाचे पैसे मात्र द्यावे लागतात. सुट्ट्या नोटा जवळ असू द्या, पाणी बाहेरूनच घ्या.

काटकसर कुठे करायची?

अम्मानहून खासगी टॅक्सीऐवजी जेट कंपनीची बस घ्या. एकेरी भाडं साधारण १० ते १२ दिनार. ‘लिटल पेट्रा’ला प्रवेश फुकट आहे. घोडा, उंट, गाढव वगळले तरी काही अडत नाही. वादी मूसा या पायथ्याच्या गावातली रात्र मात्र कापू नका. ती कापली की पासाचे वाचलेले पैसे आणि दुसरा दिवस, दोन्ही वाया.