दोन लावे

"लावा तो लावा, त्यात दोन प्रकार कसले?" असे आमचे आजोबा म्हणत. मीही तेच धरून चाललो होतो. गेल्या हिवाळ्यात गाळणा किल्ल्याकडे जाताना खडकाळ उतारावर पायांजवळून लाव्यांचा थवा भुर्रकन उडाला. त्यांतल्या काहींचा गळा पांढुरका होता. मी वहीत 'पिल्ले' अशी नोंद केली. पुढे पक्ष्यांची चित्रे ताडून पाहिली, तेव्हा कळले की ती पिल्ले नव्हती. त्या दुसऱ्या जातीच्या माद्या होत्या.

रानलावा (पर्डिक्युला एशियाटिका) आणि खडकलावा (पर्डिक्युला अरगूंडा) ही सख्खी भावंडेच म्हणावीत. दोन्ही साधारण १७ सेंटिमीटर लांबीचे, दोन्ही थव्याने राहणारे, चाहूल लागली तरी अगदी जवळ जाईपर्यंत दबून बसणारे. दोघांच्याही नरांच्या छातीवर काळे-पांढरे आडवे पट्टे असतात. म्हणून ओळख पटवायची तर डोके आणि गळा पाहावा. रानलाव्याची भुवई लांब व ठळक असते, आणि नर-मादी दोघांचाही गळा तांबूस असतो. खडकलाव्याची भुवई आखूड व फिकी. त्याच्या मादीचा गळा पांढुरका असतो.

राहण्याच्या जागाही निराळ्या. रानलाव्याला पानझडीचे रान, झुडपे व गवत लागते. खडकलावा कोरड्या, दगडगोट्यांच्या, काटेरी झुडपांच्या माळावर रमतो. रानलाव्याला शास्त्रीय नाव मिळाले १७९० मध्ये. खडकलाव्याचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३२ साली, दख्खनच्या पक्ष्यांविषयी लिहिताना केले. म्हणजे शास्त्रालाही ही दोन भावंडे ओळखायला चाळीसेक वर्षांचे अंतर पडले. मग आजोबांना दोष का द्यावा?

पण हा भेद केवळ पुस्तकी नाही. माळाला आपण 'पडीक' म्हणतो. तो नांगरला किंवा त्यावर दाट झाडे लावली, की 'लावे आहेतच ना रानात' असे म्हणून आपण मोकळे होतो. रानातला लावा माळावरच्याची जागा भरून काढीत नाही. फासे लावून लावे धरणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण माळच गेला, तर फासा न लावताही खडकलावा जाईल.

वहीतली ती चुकीची नोंद मी खोडलेली नाही. तिच्यापुढे फक्त लिहिले आहे : 'खडकलावा, मादी.' मित्रहो, पुढच्या सहलीला माळावरून जाताना जरा हळू चाला. पायाजवळचा दगड कदाचित दगड नसेल.