ज्योत, शपथ आणि विजेची तार

गेल्या वर्षी आपल्या क्रीडामहोत्सवाच्या उद्घाटनाला मशाल घेऊन धावणाऱ्यांत मीही होतो. फाटकापाशी वाऱ्याचा झोत आला आणि मशाल विझली. कोणीतरी तत्परतेने पुढे होऊन काडेपेटीने ती पेटवली, टाळ्या झाल्या, समारंभ पार पडला. वाद पेटला तो संध्याकाळी. सभागृहातील समईवरून पेटवलेली ज्योत विझली ती विझलीच, काडीने पेटवलेली ज्योत ही ती नव्हेच, असे काहींचे म्हणणे. इतरांच्या मते अग्नी तो अग्नी, त्याला कुळी विचारू नये. त्यातच तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या माझ्या एका मित्राने एक गमतीचे यंत्र करून आणले. नळकांड्यात बॅटरी, इवलासा पंखा, नारिंगी दिवा आणि रेशमी कापडाची पट्टी. कळ दाबली की पट्टी वर उसळून लवलवते आणि दुरून पाहणाऱ्याला ज्वाळाच वाटते. वाऱ्याचे भय नाही! पुढच्या वर्षी हीच मशाल वापरावी काय, हा प्रश्न जिमखाना समितीपुढे आला आणि 'ऑलिंपिकमध्ये काय करतात ते पाहून ये' असे फर्मान मला सुटले. या लेखाचे मूळ हे असे आहे.

मी मोठ्या श्रद्धेने ग्रंथालयात गेलो. मशालदौड ही ग्रीकांची हजारो वर्षांची परंपरा असणार, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच दिवशी कोसळली. प्राचीन ऑलिंपियात हेस्टिया देवीच्या वेदीवर अग्नी तेवत असे हे खरे आणि अथेन्सच्या उत्सवांत मशालींच्या शर्यती होत हेही खरे. पण ऑलिंपियाहून ज्योत पेटवून ती धावत यजमान नगरीत नेण्याची प्रथा १९३६ सालची, बर्लिनची! कार्ल डीम या संयोजकाची ती कल्पना. तीन हजारांहून अधिक धावपटूंनी ती ज्योत नाझी जर्मनीच्या राजधानीत पोहोचवली आणि त्या राजवटीने तिचा प्रचारासाठी मनमुराद उपयोग करून घेतला. स्पर्धाकाळात मैदानावर ज्योत तेवत ठेवण्याचा प्रघातही त्याआधी आठच वर्षांचा, १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅमचा. पाच वर्तुळांचे चिन्ह बॅरन पिएर द कुबेर्तँ यांनी १९१३ मध्ये रेखाटले. निळे वर्तुळ अमुक खंडाचे, काळे तमुक खंडाचे असे आपण शाळेत पाठ केलेले असते. कुबेर्तँ यांचा हेतू निराळा होता. वर्तुळे पाच भूभागांची खरी, पण पाच रंग आणि पार्श्वभूमीचा पांढरा मिळून तेव्हाच्या सर्व सहभागी राष्ट्रांच्या ध्वजांचे रंग व्हावेत, अशी ती योजना होती. हा ध्वज ऑलिंपिकमध्ये प्रथम फडकला तो १९२० साली अँटवर्पला. खेळाडूंची शपथही त्याच वर्षीची. ती घेतली व्हिक्टर ब्वाँ या बेल्जियन खेळाडूने. ब्वाँ तलवारबाज होता, 'एपे' प्रकारातला. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, कारण त्या तलवारीशी पुढे गाठ आहे.

म्हणजे आपण ज्याला सनातन म्हणतो ते आपल्या पणजोबांच्या हयातीत घडलेले. क्षणभर मी खट्टू झालो. मग वाटले, प्रतीक कोणी तरी, केव्हा तरी घडवतेच. ते जुने आहे की नवे यापेक्षा ते जे सांगते ते खरे आहे काय, हा प्रश्न अधिक कामाचा. त्याचे उत्तर मला सापडले ते १९७६ च्या मॉन्ट्रियलमध्ये.

मॉन्ट्रियल म्हटले की आपल्याकडील जुनी मंडळी हळहळतात. ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातवा आला. पण यंत्रयुग तिथे केवळ पायाखाली नव्हते, ज्योतीतही शिरले होते. ऑलिंपियात सूर्यकिरणांवर पेटवलेली ज्योत अथेन्सला आणली गेली. तिथे एका संवेदकाने ज्वाळेतील विद्युत्भारित कण टिपले, त्यांचे रूपांतर विजेच्या संकेतांत झाले, ते संकेत उपग्रहामार्फत कॅनडातील ओटावाला पोहोचले आणि तिथे लेसर किरणाने नवी मशाल पेटली. अग्नीने समुद्र ओलांडला तो असा. पुढे मॉन्ट्रियलच्या मैदानावर एक फ्रेंचभाषी मुलगा आणि एक इंग्रजीभाषी मुलगी अशा दोघांनी मिळून ज्योत प्रज्वलित केली. दोन भाषांच्या त्या देशाला याहून नेमके प्रतीक कोणते मिळणार?

आणि इतका खटाटोप केल्यावर काही दिवसांनी पाऊस आला आणि ज्योत विझली! हजर असलेल्या एका अधिकाऱ्याने सिगारेटच्या लायटरने ती पेटवून टाकली. (हे वाचून मी ग्रंथालयात मोठ्याने हसलो आणि ग्रंथपालांची बोलणी खाल्ली.) संयोजकांना कळताच त्यांनी ती ज्योत मुद्दाम विझवली आणि मूळ ज्योतीवरून राखून ठेवलेल्या अग्नीने पुन्हा पेटवली.

त्याच स्पर्धेत चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने असमान दांड्यांवर दहापैकी दहा गुण मिळवले तेव्हा गुणफलकावर '१.००' असा आकडा झळकला. फलकावर तीनच अंकांची सोय होती, दहा गुण कोणाला पडतील असे गृहीतच धरलेले नव्हते. प्रेक्षक क्षणभर गोंधळले, मग त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. यंत्र चुकले, पण फसवले कोणालाच नाही.

फसवणूक झाली ती दुसरीकडे. आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये पोहणे, धावणे, नेमबाजी, घोडेस्वारी यांबरोबर 'एपे' तलवारबाजीही असे. या तलवारीचे टोक प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर दाबले गेले की विजेचे मंडल पूर्ण होते आणि दिवा लागतो. दिवा म्हणजे स्पर्शाची साक्ष. सोव्हिएत संघाचा बोरिस ओनिश्चेंको हा नामांकित खेळाडू, १९७२ चा वैयक्तिक रौप्यपदक विजेता. ब्रिटनच्या जिम फॉक्सशी लढताना त्याच्या तलवारीचे टोक फॉक्सला लागले नाही, तरी दिवा लागला. ब्रिटिशांनी तक्रार केली. तलवार तपासली तेव्हा मुठीत छुपी कळ निघाली. हाताने दाबावी आणि दिवा लावावा! ओनिश्चेंको स्पर्धेतून बाद झाला आणि त्याचा संघही गेला. मला चटका लावून गेली ती निराळीच गोष्ट. तलवार काढून घेतल्यावर दुसरी साधी तलवार घेऊनही त्याने त्या दिवशीच्या बहुतेक लढती जिंकल्या. त्याला त्या कळेची गरजच नव्हती. ज्या हत्याराच्या खेळाडूने पहिली शपथ उच्चारली, त्याच हत्याराच्या मुठीत छप्पन्न वर्षांनी ती कळ बसली होती.

माझ्या मित्राच्या यंत्रातही बॅटरी आणि कळच आहे. पण त्यात फरक काय, हे मला इथे उमगले. उपग्रहाची ज्योत साऱ्या जगाला सांगून पेटवली होती. लायटरची ज्योत गुपचूप मूळ ज्योतीच्या जागी बसली म्हणून ती चालली नाही. ओनिश्चेंकोचा दिवा तर न झालेल्या स्पर्शाची साक्ष देत होता.

२०२४ च्या पॅरिसमध्ये तर ज्योतपात्रात अग्नीच नव्हता. फुग्याखाली टांगलेल्या कड्यात पाण्याचे धुके आणि त्यावर ४० विद्युतदिव्यांचा प्रकाश, एवढीच ती ज्वाळा. रात्री ती तुइलरी उद्यानावरून वर चढे आणि माणसे माना उंचावून पाहत राहत. यात इंधन जळत नाही हे संयोजकांनी अभिमानाने जाहीर केले होते. ऑलिंपियाहून आलेली खरी ज्योत जवळच एका कंदिलात जपून ठेवली होती, कोणालाही जाऊन पाहता येईल अशी.

जिमखान्याच्या बैठकीत मी हे सारे वाचून दाखवले आणि पंख्याच्या मशालीच्या बाजूने मत दिले. मात्र दोन अटी घातल्या. ही ज्वाळा कापडाची आहे हे सूत्रसंचालकाने आरंभीच सांगावे, आणि समईवरून पेटवलेला एक कंदील तिन्ही दिवस मैदानाच्या कडेला तेवत ठेवावा. दोन्ही अटी मान्य झाल्या. कंदिलात तेल घालण्याचे काम अर्थातच माझ्या गळ्यात पडले आहे.