क्रूस, पडदा आणि प्रेक्षक : एक रसविचार

धार्मिक चित्रपटाविषयी लिहू लागले की श्रद्धेचा प्रश्न आधी उभा राहतो. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाही. एका ख्रिस्ती मित्राच्या घरी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मेल गिब्सन यांचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ (२००४) पाहण्याचा योग आला, तेव्हा जवळ भक्ताची दृष्टी नव्हती. होती ती वर्गात शिकलेल्या रसविचाराची शिदोरी. ती कितपत पुरली, हे सांगण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

येशूच्या आयुष्यातील अखेरचे सुमारे बारा तास एवढाच या चित्रपटाचा विषय. गेथशेमाने बागेत कथा सुरू होते आणि क्रूसावरील मृत्यूकडे जाते. पात्रे अरामी, हिब्रू व लॅटिन भाषांत बोलतात. सर्वाधिक चर्चा झाली ती फटक्यांच्या प्रसंगाची. शुभवर्तमानांत ही शिक्षा जेमतेम एका वाक्यात उरकली आहे. येथे ती कित्येक मिनिटे चालते. आधी छड्या, मग अणकुचीदार तुकडे बांधलेले आसूड. (चित्रपटातील ज्यूंच्या चित्रणावरही कठोर टीका झाली, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

पहिल्या फटक्याला अंगावर शहारा आला. पुढे मान खाली गेली. आणि नंतर, प्रांजळपणे सांगायचे तर, हे केव्हा संपते याची मी वाट पाहू लागलो. समोरचा माणूस हरवला होता. उरले होते फक्त जखमी शरीर. भरतमुनींनी करुणाचा स्थायीभाव शोक सांगितला आहे आणि बीभत्साचा जुगुप्सा. दिग्दर्शकाला शोक अपेक्षित असावा. माझ्या वाट्याला जुगुप्सा आली. रंगमंचावर मृत्यू प्रत्यक्ष दाखवू नये, असा दंडक नाट्यशास्त्रात का आहे आणि ग्रीक शोकांतिकेतही वधाची वार्ता बहुधा दूताच्या तोंडूनच का येते, हे परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचे कारण त्या संध्याकाळी कळले.

परंतु याच चित्रपटात एक वेगळा प्रसंग आहे. क्रूस वाहणारा येशू कोसळतो. मरीया भिंतीआड भेदरून उभी असते. तिला लहानगा येशू धावता धावता पडलेला आठवतो, आणि तेव्हा धावली होती तशीच ती आताही धावते. पडद्यावरचे रक्त येथे कमी झालेले नाही, तरी डोळे भरून आले. कारण आता वेदनेला नाते मिळाले होते. पाझोलिनी यांनी १९६४ साली ‘मत्तयकृत शुभवर्तमाना’वर चित्रपट काढला, त्यात तर पिलातासमोरची चौकशी गर्दीच्या मागून, दुरून दिसते. उतारवयातील मरीयेची भूमिका दिग्दर्शकाच्या आईनेच केली आहे. तेथे जखमांपेक्षा त्या म्हाताऱ्या आईचा चेहरा अधिक बोलतो.

माझे हे मत मित्राला सांगितले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “तू जखमा मोजत होतास. आम्ही प्रत्येक जखमेला ‘ही माझ्यासाठी’ असं म्हणत होतो.” चित्रपटाच्या आरंभीच यशयाच्या ग्रंथातील, त्याच्या जखमांनी इतर बरे होतात या आशयाचे वचन येते. मी ते वाचले होते. मित्राने ते लहानपणापासून ऐकले होते. अभिनवगुप्तांनी रसास्वादासाठी प्रेक्षकाच्या मनातील वासना, म्हणजे पूर्वसंस्कार, आवश्यक मानले, ते उगीच नव्हे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच मातीतले आहे. १९१० साली मुंबईत दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त सरकत होता आणि त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहत होते, असे त्यांनीच पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिले. ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. ख्रिस्तपट पाहणाऱ्या एका प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेतून भारतीय चित्रपट जन्मला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

या हरिश्चंद्राच्या कथेनेच मला माझ्या अस्वस्थतेचे मूळ दाखवले. हरिश्चंद्र सत्यासाठी सर्वस्व गमावतो. पण तलवार तारामतीवर उगारली जाते तेव्हा देव प्रकट होतो आणि अनर्थ टळतो. ही कथा ऐकत वाढलेला मी, खिळा ठोकला जात असतानाही कोणीतरी तो हात धरील म्हणून नकळत वाट पाहत होतो. तो हात कोणी धरला नाही. मृत्यूनंतर आकाशातून फक्त एक थेंब खाली पडतो. पुनरुत्थान अगदी शेवटी, क्षणभर येते.

ऐन वेळी देव धावून येतो ती कथा आपल्याला धीर देते. ऐन वेळी कोणीच येत नाही, तरीही छळणाऱ्यांसाठी क्षमा मागितली जाते, ती कथा आपल्याला प्रश्न विचारते. त्या रात्री घरी परतताना फटके आठवत नव्हते. तो प्रश्न मात्र सोबत होता. चित्रपटाच्या अतिरेकाविषयीचे माझे मत आजही कायम आहे. पण मित्राच्या डोळ्यांनी तो पुन्हा एकदा पाहिल्याखेरीज ते मत पूर्ण झाले, असे मी म्हणणार नाही.