वरिष्ठांची पारख : कोणी करावी, कशी करावी?

मार्चअखेर जवळ आली की कार्यालयातील वातावरण बदलते. वर्षभर उशिरा येणारे वेळेवर येऊ लागतात, साहेबांना होणारे नमस्कार वाढतात. कारण सर्वांना ठाऊक असते. वार्षिक अहवाल लिहिण्याचे दिवस आलेले असतात. आपल्या सभासदांत शासकीय, रेल्वे, बँक व विमा क्षेत्रातील कर्मचारी पुष्कळ आहेत. वरिष्ठाच्या एका शेऱ्याने बढती कशी अडते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्यांच्यापैकी काहीजण आज स्वतः अहवाल लिहिण्याच्या खुर्चीत बसले आहेत. म्हणून एक प्रश्न सर्वांनीच विचारात घेतला पाहिजे. वरिष्ठ आपल्या हाताखालच्या माणसांचे नेतृत्व कसे करतो, याची पारख नेमकी कोण करतो?

१. रूढ पद्धत

शासकीय सेवेत निकटचा वरिष्ठ अहवाल लिहितो. त्यास प्रतिवेदन अधिकारी म्हणतात. त्याच्या वरचा अधिकारी तो तपासतो. तो पुनर्विलोकन अधिकारी होय. केंद्र शासनाने २००९ साली अहवालात १ ते १० अशी गुणांकनाची पद्धत आणली. प्रत्यक्ष कामास ४० टक्के, वैयक्तिक गुणांस ३० टक्के आणि कार्यक्षमतेस ३० टक्के असा भार ठरला. कार्यक्षमतेच्या रकान्यात एक बाब अशी आहे : हाताखालच्या कर्मचाऱ्यांना प्रेरणा देण्याची व त्यांना घडविण्याची पात्रता.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. या बाबीचे गुण देणारा अधिकारी त्या व्यक्तीच्या हाताखाली कधीच काम करीत नाही. त्याला वरून दिसते ते वागणे वेगळे असते. केबिनमध्ये नम्र असणारा माणूस बाहेर येऊन कारकुनावर फाइल भिरकावत असेल, तर ते वरच्याला दिसणार कसे? ज्यांना दिसते त्यांना कोणी विचारीत नाही. संपूर्ण प्रश्नाचे मूळ येथे आहे.

२. एका शेऱ्याची किंमत

अहवाल गुप्त ठेवण्याचा परिणाम काय होतो, हे देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दिसून आले. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील या अधिकाऱ्यास बढतीसाठी सलग पाच वर्षे ‘अत्युत्तम’ शेरा आवश्यक होता. १९९३-९४ या एका वर्षी ‘उत्तम’ असा शेरा पडला. तो वाईट नव्हता, म्हणून त्यांना कळविण्यात आला नाही. बढती मात्र त्यानेच रोखली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निर्णय दिला, की शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे व त्यावर म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. पण निर्णय येईपर्यंत ते सेवेतून निवृत्त झाले होते. पुढे मे २००९ मध्ये केंद्र शासनाने संपूर्ण अहवाल दाखविण्याचा आदेश काढला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हाच दंडक कायम केला. ज्याची पारख होते त्याला ती वाचता आली पाहिजे, हा यातील पहिला धडा होय.

३. अभ्यासकांनी काय पाहिले?

पारख करणारा माणूस चुकतो हे फार पूर्वी लक्षात आले आहे. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी सैनिकांना दिलेले गुण तपासले. ज्या सैनिकाची अंगकाठी व ठेवण आवडली त्याला बुद्धिमत्ता, नेतृत्व, चारित्र्य या सर्वांतच चढे गुण मिळालेले दिसले. एका गोष्टीची छाप बाकी सर्व गोष्टींवर पडते. ही छाप आडनावाची, बोलीची, गावाचीही असू शकते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाने एक वेगळी वाट धरली. वरिष्ठ कसा वागतो हे त्याच्या हाताखालच्या लोकांनाच प्रश्नावली देऊन विचारले. उत्तरांतून दोन धागे हाती आले. एक, कामाची आखणी : कोणी काय, कधी व कसे करायचे हे स्पष्ट सांगणे. दुसरा, माणसांची कदर : त्यांचे ऐकणे, अडचण समजून घेणे. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रक कारखान्याच्या अभ्यासात असे आढळले, की जे फोरमन माणसांची कदर करीत नव्हते त्यांच्या विभागात तक्रारी व नोकरी सोडून जाणे अधिक होते. कदर करणाऱ्या फोरमनने शिस्त कडक केली तरी तक्रारी फारशा वाढत नव्हत्या. म्हणजे कामगार शिस्तीला भीत नव्हता. त्याला बोचत होता तो अपमान.

आपल्याकडे पाटण्याचे डॉ. जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० साली याच दिशेने विचार मांडला. भारतीय कर्मचाऱ्याला जिव्हाळा हवा असतो. पण वरिष्ठाने तो जिव्हाळा कामाशी जोडावा आणि माणूस तयार होईल तसतशी त्याला मोकळीक द्यावी, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल.

तिसरा अभ्यास डोळे उघडणारा आहे. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करून १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चांगले नेतृत्व असलेल्या गटात औषधे देण्यातील चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे मात्र उलटे निघाले. चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त होती. शोध घेता उलगडा झाला, की तेथे चूक सांगायला कोणी भीत नव्हते. इतर ठिकाणी चुका होत असूनही त्या झाकल्या जात होत्या. केवळ आकडा पाहणाऱ्याने चांगल्या प्रमुखाला शिक्षा आणि वाईटाला बक्षीस दिले असते.

४. हाताखालच्यांना कसे विचारावे?

‘साहेब कसे आहेत?’ असा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला भीतीपोटी ‘चांगले’ किंवा रागापोटी ‘वाईट’ एवढेच उत्तर मिळते. डोळ्यांना दिसणाऱ्या वर्तनाविषयी विचारावे. उदाहरणार्थ :

अ) काम देताना मुदत व अपेक्षा स्पष्ट सांगतात काय?
आ) चूक झाल्यास चारचौघांत बोलतात की एकांतात?
इ) वाईट बातमी त्यांना सांगताना भीती वाटते काय?
ई) जड कामे व रजा यांची वाटणी सर्वांना सारखी असते काय?
उ) गेल्या वर्षभरात त्यांच्याकडून एखादे नवे काम शिकायला मिळाले काय?
ऊ) चांगल्या कामाचे श्रेय करणाऱ्याच्या नावावर देतात काय?

प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण घ्यावेत. ५ म्हणजे सर्वांत चांगले. उत्तरावर नाव नसावे. गट दोन-तीन माणसांचा असेल तर हा उपाय करू नये, कारण अक्षर पाहूनच माणूस ओळखला जातो.

गुण मोजताना सरासरीवर विसंबू नये. असे समजा, की सहा कर्मचाऱ्यांच्या एका विभागात सर्वांनी ४ गुण दिले. दुसऱ्या विभागात चौघांनी ५ आणि दोघांनी २ दिले. बेरीज दोन्हीकडे २४, सरासरीही दोन्हीकडे ४. तरीही दोन विभाग एकसारखे नाहीत. दुसऱ्या प्रमुखाच्या राज्यात दोन माणसे बाहेर उभी आहेत. ती कोण, हे शोधून काढण्याच्या मागे न लागता, आपल्या कोणत्या वागण्यामुळे कोणीतरी बाहेर राहते याचा शोध प्रमुखाने घ्यावा.

अहवाल लिहिणाऱ्यासाठीही एक साधा उपाय आहे. वर्षभर एक वही ठेवावी व घडलेला प्रसंग त्याच आठवड्यात तारखेसह टिपावा. फ्लॅनागन यांनी १९५४ साली अशा प्रसंगांच्या नोंदींची पद्धत मांडली. वही नसेल तर मार्चमध्ये फक्त फेब्रुवारी आठवतो.

५. दुसऱ्या टोकाचा धोका

वरिष्ठ, सहकारी व कनिष्ठ अशा सर्वांकडून मत घेण्याच्या रीतीला चौफेर मूल्यमापन म्हणतात. केंद्र शासनानेही वरिष्ठ पदांच्या निवडीसाठी ही रीत वापरली. परंतु २०१७ साली संसदेच्या स्थायी समितीने ती अपारदर्शक व व्यक्तिसापेक्ष असल्याची टीका केली. ही टीका विचारात घेण्याजोगी आहे. कोण काय बोलले हे गुप्त राहावे, पण काय म्हटले गेले हे संबंधितास कळले पाहिजे. अन्यथा गुप्त अहवालाच्या जागी गुप्त कुजबुज येईल आणि कडक पण न्यायी अधिकारी तिचा पहिला बळी ठरेल. म्हणून कनिष्ठांचे मत प्रथम सुधारणेसाठी वापरावे. बढतीच्या तराजूत ते एकटे टाकू नये.

समारोप

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्ही कुठल्यातरी गटाचे प्रमुख व्हाल. वसतिगृहाची खानावळ समिती असो वा जयंतीची कमिटी, सवय तेथूनच लागते. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलणाऱ्या मुलाला विचारा, की आमचे काय चुकले? आणि जे बांधव-भगिनी आज अधिकारपदावर आहेत त्यांनी आठवावे, की आपल्या अहवालाची वाट पाहताना आपल्याला काय वाटत असे. आपल्या शिपायाला आपल्याविषयी खरे बोलता येते काय, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे आहे त्याने आपली अर्धी पारख केलीच, असे म्हणावयास हरकत नाही.