व्हायोलिनच्या तारांची निवड

लखनौ येथे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली मॅरिस कॉलेज हे संगीत विद्यालय सुरू झाले. भातखंडे यांच्या नावाने ओळखली जाणारी ही संस्था आज विद्यापीठ आहे. सातारा जिल्ह्यात १९२२ साली जन्मलेले व्हायोलिनवादक विष्णु गोविंद जोग यांनी येथेच श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यापाशी विद्या घेतली व पुढे तेथे अध्यापनही केले. हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनला स्वतंत्र स्थान मिळवून देणाऱ्यांत त्यांची गणना होते. हे वाद्य पाश्चात्त्य घडणीचे. आपल्या वादकांनी ते आपल्या रीतीने जुळविले. परंतु बाजारातील तारा बहुधा पाश्चात्त्य जुळणीसाठीच बनविलेल्या असतात. हा भेद ध्यानात न घेता तारा चढविल्यास स्वर डळमळतो आणि विद्यार्थी विनाकारण आपल्या कानाला दोष देतो. म्हणून तारेचा स्वर कशावर अवलंबून असतो हे प्रथम पाहू.

१. तारेचा नियम

फ्रेंच विद्वान मेर्सेन याने १६३६ साली ग्रंथरूपाने मांडलेला नियम असा : तारेची कंपनसंख्या तिच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमूळाच्या सम प्रमाणात आणि दर मीटर लांबीच्या वस्तुमानाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते. व्हायोलिनच्या चारही तारांची कंप पावणारी लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे सारखीच असते. तेव्हा निवड करावयाची ती ताण व वस्तुमान या दोहोंची. स्वर एक सप्तक वर न्यावयाचा तर ताण चौपट करावा लागतो. अर्ध्या स्वराचा फरकसुद्धा ताणात सुमारे १२ टक्क्यांचा फरक घडवितो.

२. जुळणी बदलली की ताण बदलतो

पाश्चात्त्य जुळणीत चार तारांच्या कंपनसंख्या खालून वर अनुक्रमे १९६, २९४, ४४० व ६५९ असतात. हिंदुस्थानी पद्धतीत प-सा-प-सा ही जुळणी पुष्कळ प्रचारात आहे. षड्ज काळी एक धरल्यास याच तारा सुमारे २०८, २७७, ४१६ व ५५४ कंपनांवर लागतात. खर्जाची चौथी तार अर्धा स्वर चढते व तिचा ताण १२ टक्क्यांनी वाढतो. मधल्या दोन तारा अर्धा स्वर उतरतात व त्यांचा ताण ११ टक्क्यांनी घटतो. पहिली, म्हणजे सर्वांत बारीक तार, दीड स्वर उतरते आणि तिचा ताण २९ टक्क्यांनी कमी होतो.

उदाहरणार्थ, ०.२६ मिलिमीटर व्यासाची पोलादी पहिली तार पाश्चात्त्य जुळणीत सुमारे ८ किलोग्रॅम भार सोसते. काळी एकच्या षड्जावर तोच भार साडेपाच किलोग्रॅमच्या आसपास येतो. अशी ढिली तार बोटाने दाबताच अधिक ताणली जाते व स्वर चढतो; गजाचा जोर वाढविला तर ध्वनी चिरकतो. मूळचा ताण राखावयाचा असेल तर तारेचा व्यास सुमारे ०.३१ मिलिमीटर हवा. दिसावयास फरक केसाएवढा, परंतु वाजविताना तो स्पष्ट जाणवतो.

३. गाभा आणि वेष्टन

खर्जाची तारही साध्या पोलादाची का करू नये, असे कोणी विचारील. ती पहिलीच्या अडीचपट जाड करावी लागेल. आणि ताठपणा व्यासाच्या चतुर्थ घाताने वाढत असल्यामुळे तो जवळजवळ चाळीसपट होईल. ताठ तारेचे उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या पटीत राहत नाहीत व ध्वनी कर्कश होतो. यास्तव लवचिक गाभ्यावर ॲल्युमिनियम किंवा चांदी गुंडाळून वजन वाढवितात. वेष्टन गुळगुळीत असणे आपल्याकडे विशेष महत्त्वाचे, कारण मींड घेताना बोट तारेवरून लांबवर घसरत जाते.

गाभा तीन प्रकारचा असतो. आतड्याच्या तातेचा ध्वनी मऊ व भरदार. पण ती दमट हवेत ओलावा शोषते आणि स्वर सोडते. पोलादावर ओलाव्याचा असा परिणाम होत नाही. त्याचा ध्वनी तेजस्वी, क्वचित टोकदार असतो. १९७० च्या सुमारास प्रचारात आलेला कृत्रिम धाग्याचा गाभा तातेच्या मार्दवाजवळ जातो व हवेने पुष्कळच कमी बिघडतो. लखनौस मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो, पाठोपाठ पावसाळ्याचा दमटपणा येतो. अशा हवेत नवशिक्याने तातेच्या वाटेस न जाणे बरे.

४. निवडीची रीत

प्रथम आपली पट्टी व जुळणी निश्चित करावी. षड्ज काळी एकच्या आसपास असल्यास पहिली तार जाड घ्यावी, मधल्या दोन मध्यम किंवा किंचित जाड व चौथी मध्यम किंवा पातळ घ्यावी. चारही तारा एकदम काढू नयेत. ताण नाहीसा होताच घोडी पडते व वाद्याच्या पोटातील आधाराची काडीही ढळू शकते. नवी तार स्थिरावण्यास काही दिवस द्यावेत.

मग तारेची परीक्षा करावी. तिच्या मध्यावर बोट हलकेच टेकवून गज ओढावा व निघणारा तार स्वर ऐकावा. नंतर त्याच जागी तार दाबून वाजवावी. दोन्ही स्वर जवळजवळ एकच आले तर तार योग्य. दाबलेला स्वर स्पष्ट चढा असेल तर तार ढिली आहे, किंवा तिची जाडी सर्वत्र सारखी नाही. अशा वेळी कानाला दोष न देता तार बदलावी.