पटावरचे राज्य आणि पटाबाहेरचे राजकारण

(द्वितीय वर्ष, कला)

बुद्धिबळात वजीर मेला म्हणून कोणी सुतक पाळत नाही. पट हा पटच असतो, हे आपण लहानपणीच शिकतो. संगणकावरील राज्यविस्ताराच्या खेळांबाबत मात्र हे भान सुटताना दिसते. काही जण त्यांतले राजकारण खरे मानून बसतात, तर काही जण त्यावर चिडून खेळच वर्ज्य ठरवितात. या दोन टोकांमधली वाट शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या खेळांत सर्वांत गाजलेला म्हणजे 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो १९९१ साली रचला. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी खेळ सुरू होतो. आपण पहिले शहर वसवितो आणि शेवटी अंतराळयानापर्यंत जाऊन पोहोचतो. त्याच धर्तीवर डेन्मार्कमधील आर्हूस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी 'फ्रीसिव्ह' हा खेळ १९९६ साली सर्वांना खुला केला. तो विनामूल्य आहे, जुन्या संगणकावरही चालतो आणि ऑनलाइन अनेकांना एकत्र खेळता येतो. आमच्या वसतिगृहात त्याचे राज्य आहे, ते याच कारणांमुळे.

या प्रकारच्या खेळांचे सार अ‍ॅलन एमरिक या लेखकाने १९९३ साली चार क्रियापदांत सांगितले. मराठीत ती अशी मांडता येतील : शोधा, पसरा, उपसा, संपवा. म्हणजे जिंकायचे कसे, हे खेळ रचणाऱ्याने आधीच ठरविलेले असते. मूळ खेळातील शासनपद्धतीच पाहा. लोकशाही निवडली की सैन्य बाहेर धाडताच नागरिक नाराज होतात. साम्यवाद निवडला की दूरच्या शहरातला भ्रष्टाचार राजधानीपासूनच्या अंतराने वाढत नाही. हा राज्यशास्त्राचा सिद्धांत नव्हे. प्रत्येक निवडीत थोडा लाभ आणि थोडा तोटा असावा, म्हणजे खेळात रंगत राहते, एवढाच त्यामागील हिशेब. तो उत्तरपत्रिकेत लिहिला तर गुण मिळणार नाहीत, आणि मतदान करताना तर तो मुळीच उपयोगाचा नाही.

याच खेळातील गांधीजी अणुबॉम्ब टाकतात, हा विनोद जगभर झाला. संगणकाच्या आकडेमोडीतील चुकीमुळे असे घडले, ही कथाही लोकांनी खरी मानली. मायर यांनी २०२० साली आपल्या आत्मकथनात ती निराधार असल्याचे सांगितले. खेळाबद्दलची दंतकथाही इतिहास म्हणून खपते, तर खेळातल्या इतिहासाचे काय सांगावे!

आता एक घरची गोष्ट. माझे आजोबा आयुष्यभर मेंढरांमागे फिरले. दिवाळी झाली की वाडा कोकणाच्या दिशेने निघे आणि पावसाच्या तोंडावर परते. शेतात मेंढरे बसविली की शेतकरी धान्य देत. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. खेळात मात्र अशा जगण्याला जागाच नाही. शहर वसविले नाही तर डाव हरला, आणि शहराबाहेर जे टोळीने हिंडतात त्यांचे नाव 'रानटी'. त्यांच्याशी तह करता येत नाही, त्यांना फक्त मारता येते. एके रात्री हे ध्यानात आले तेव्हा आधी हसू आले, मग बराच वेळ झोप आली नाही. मी खेळ सोडला नाही. पण हा शब्द रचनाकाराचा आहे, माझा नाही, एवढे मनाशी पक्के केले.

कधी कधी मात्र हसण्यावारी नेऊन चालत नाही. २०१८ साली 'सिव्हिलायझेशन'च्या सहाव्या आवृत्तीच्या विस्तारात कॅनडातील क्री लोकांचे नेते पाउंडमेकर यांना एका राज्याचे प्रमुख केले गेले. इतरांची भूमी जिंकणे हे आमच्या लोकांचे मूल्य नव्हतेच, असा आक्षेप पाउंडमेकर क्री समाजाचे मिल्टन टूटूसिस यांनी घेतला. १८८५ साली राजद्रोहाच्या आरोपावरून शिक्षा झालेल्या या नेत्याला कॅनडा सरकारने दोषमुक्त ठरविले, ते २०१९ साली. ज्यांची जखम अजून ओली आहे, त्यांना 'खेळ तर आहे' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांचे ऐकून घ्यावे, आणि मगच पुढची चाल करावी.

उलट, आपसांत मात्र 'खेळ तर आहे' हेच सूत्र धरावे. गेल्या सत्रात एका मित्राने माझ्याशी केलेला तह मोडून मध्यरात्री माझी राजधानी घेतली. दोन दिवस मी मेसमध्ये त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तोच समोर येऊन बसला आणि म्हणाला, "अरे, राजधानी मशीनमध्ये आहे. तू इथं आहेस ना? मग जेव."

माझ्या मते या खेळांचा सगळा अभ्यास त्या एका वाक्यात आला. नियम कोणी केले ते ओळखावे, डाव चालू असता जीव ओतून खेळावे आणि डाव संपला की पट गुंडाळून ठेवावा. पुढच्या सुट्टीत आजोबांना हा खेळ दाखविण्याचा विचार आहे. शहर वसविण्याआधी ते बहुधा पाणी आणि चारा कुठे आहे, हेच विचारतील.