एक ॲम्प्लिफायर, अनेक स्पीकर



काही वर्षांपूर्वी ऑकलंडला आमच्या पुतणीची मेंदी घरीच झाली. रेवदंड्याला माझ्या आईने व मावश्यांनी म्हटलेल्या गाण्यांची जुनी कॅसेट लावायची होती. सर्वांना ऐकू यावे म्हणून मी बैठकीच्या खोलीत, स्वयंपाकघरात व मागील डेकवर अशा स्पीकरच्या तीन जोड्या एकाच ॲम्प्लिफायरला जोडल्या. अर्ध्या तासात जळका वास आला आणि आईचा आवाज बंद पडला. कॅसेट वाचली, पण ॲम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर गेले. वर्गात जन्मभर ओहमचा नियम शिकविला, तोच मी घरी विसरलो! तुमच्याकडे असे होऊ नये म्हणून हा पाठ.

नियम. जॉर्ज ओहम यांनी हा नियम १८२७ साली प्रसिद्ध केला: विभवांतर तेच ठेवून रोध निम्मा केला, तर विद्युतधारा दुप्पट होते. स्पीकरच्या पाठीवर ८, ६ किंवा ४ ओहम असा आकडा असतो, तो त्याचा संरोध. गावच्या पंपाचे उदाहरण घ्या. दाब तोच ठेवून एकामागून एक नळ उघडले, तर पंपावरील भार वाढतच जातो. प्रत्येक जादा स्पीकर म्हणजे आणखी एक उघडा नळ.

समांतर जोडणी. लाल तार लाल खुंटीला, काळी काळ्या खुंटीला, असे सर्व स्पीकर एकत्र जोडले म्हणजे समांतर जोडणी झाली. स्टीरिओत डावी व उजवी बाजू स्वतंत्र असते, म्हणून हिशेब एकेका बाजूचा करावा. ८ ओहमचे दोन स्पीकर मिळून ४ ओहम होतात, तीन मिळून सुमारे २.७, चार मिळून २. समजा, खुंट्यांवर २० व्होल्ट आहेत. ८ ओहमला २.५ अँपिअर धारा लागते. ४ ओहमला ५, आणि २.७ ओहमला सुमारे ७.५. माझी चूक कोठे झाली ते ध्यानात आलेच असेल.

पाठीवरील मजकूर. पुष्कळ ॲम्प्लिफायरच्या मागे 'ए' व 'बी' अशा खुंट्या असतात. 'ए किंवा बी: ४ ते १६ ओहम; ए अधिक बी: ८ ते १६ ओहम' असे काही तेथे छापलेले आढळते. याचा अर्थ, दोन्ही जोड्या एकदम वाजवायच्या असल्यास प्रत्येक स्पीकर निदान ८ ओहमचा हवा. या देशात १९७४ साली सुरू झालेल्या पेरो कंपनीचा ॲम्प्लिफायर असो वा जपानी असो, आधी हा मजकूर वाचावा.

एकसर जोडणी. पहिल्याची काळी खुंटी दुसऱ्याच्या लाल खुंटीला जोडली की ८ अधिक ८ असे १६ ओहम होतात. ॲम्प्लिफायर सुरक्षित राहतो, परंतु आवाज थोडा कमी होतो. दोन्ही स्पीकर एकाच जातीचे हवेत, नाहीतर ध्वनी बिघडतो. ८ ओहमच्या चार स्पीकरच्या दोन एकसर जोड्या करून त्या समांतर लावल्या, तर पुन्हा ८ ओहमच होतात.

तीन-चार खोल्यांसाठी रोध बसविलेली स्पीकर-सिलेक्टर पेटी घ्यावी व तिचे संरक्षणाचे बटण चालू ठेवावे. काही शक्ती उष्णतेत जाते, पण ॲम्प्लिफायर वाचतो.

तारा. १० मीटर अंतरासाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरल्यास जाऊन-येऊन सुमारे ०.२३ ओहम रोध होतो. ८ ओहमला तो चालतो. ४ ओहमला २.५ चौरस मिलिमीटरची तार बरी.

सावधगिरी. जोडण्यापूर्वी प्लग काढावा, कारण भिंतीत २३० व्होल्ट आहेत. तारेचा एकही सुटा धागा शेजारच्या खुंटीला लागू देऊ नये. डाव्या-उजव्या काळ्या खुंट्या एकमेकींना जोडू नयेत. ॲम्प्लिफायरवर कापड किंवा फुलदाणी ठेवू नये. आवाज फाटू लागला की लगेच कमी करावा.

गृहपाठ. ८ ओहमचा एक व ४ ओहमचा एक स्पीकर समांतर जोडल्यास किती ओहम? गुणाकार ३२, बेरीज १२. भागाकार सुमारे २.७. म्हणजे तीन स्पीकरांइतकाच भार!

त्या रात्री यंत्र थांबल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनीच गाणी पुढे चालविली, म्हणून मेंदी निभावली. पण आईचा आवाज त्या एकाच कॅसेटवर होता. आता तिच्या दोन प्रती करून ठेविल्या आहेत, आणि ॲम्प्लिफायरला दोनच जोड्या आहेत.